कमेंटमधला वाद: उतरण्याआधी आणि उतरल्यावर

तुमचा प्रतिसाद वाचून समोरचा माणूस 'हो, माझं चुकलंच' म्हणेल, एवढ्याच आशेवर वादात उतरणार असाल तर उतरू नका. असं घडतं, पण इतकं क्वचित की त्यासाठी रोजचा तासभर घालवणं परवडत नाही. अनोळखी माणसाशी ऑनलाइन वाद घालण्याचा खरा उपयोग तिसऱ्याला असतो, म्हणजे जो काहीही न लिहिता वाचत बसलेला असतो त्याला. हे मान्य केलं की काय लिहायचं, कुठे थांबायचं आणि कुणाला उत्तरच द्यायचं नाही, हे बरंचसं ठरून जातं.

गप्प वाचणारे किती असतात याचा एक ढोबळ ठोकताळा वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडला होता. शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि एक जण सतत लिहितो. जागेनुसार आकडे बदलतील, पण पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या ग्रुपवर मेट्रो किंवा बीआरटीच्या (बससाठीच्या राखीव मार्गिकेच्या) पोस्टखाली बघा, तीच पाच-सहा नावं भांडताना दिसतील. त्या भांडणाकडे बघून मत बनवणारे मात्र कितीतरी जास्त.

या बघ्यांवर परिणाम होतो याला पुरावा आहे. लेटिशिया बोड आणि एमिली व्रागा या संशोधकांनी आरोग्याबद्दलच्या चुकीच्या माहितीवर प्रयोग केले. कुणीतरी चूक दुरुस्त करताना पाहिलं की पाहणाऱ्यांचा गैरसमज कमी होतो, असं त्यांना आढळलं. दुरुस्ती करणारा साधा वापरकर्ता असेल तर मात्र त्याने विश्वासार्ह स्रोत द्यावा लागतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांच्या १९५१ पासूनच्या प्रयोगांतही हेच वेगळ्या अंगाने दिसलं. खोलीतले सगळे एकमुखाने चुकीचं उत्तर देत असले की माणूस साधारण एक तृतीयांश वेळा त्यांच्यामागे जायचा, आणि एकाने जरी बरोबर उत्तर दिलं तरी हे प्रमाण झपाट्याने उतरायचं. म्हणून शंभर चुकीच्या कमेंटखाली एक नीट लिहिलेली कमेंट वाया जात नाही. तुमची त्याच अर्थाची अकरावी कमेंट मात्र वाया जाते.

'पुरावा दिला की माणूस उलट जास्त हट्टाला पेटतो' हे वाक्यही बरंच फिरतं. त्याचा उगम २०१० मधल्या एका अभ्यासात आहे. पुढे वुड आणि पोर्टर या संशोधकांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर ५२ मुद्दे तपासले, त्यात असा उलटा परिणाम जवळजवळ सापडलाच नाही. तेव्हा पुरावा द्यायला घाबरू नका. बिघडवतो तो सूर, आणि त्याकडे पुढे येऊच.

आधी मंडळी बघा

वादात उतरण्याआधी समोरच्याला आणि सभेला पारखावं, हा सल्ला चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात वैद्यांसाठी दिलेला आहे, आणि कमेंट सेक्शनला तो जसाच्या तसा लागू पडतो. प्रतिस्पर्धी आपल्यापेक्षा वरचढ आहे, बरोबरीचा आहे की कमी आहे ते बघा, असं तिथे सांगितलंय. परिषद, म्हणजे ऐकणारी सभा, जाणत्यांची की अडाण्यांची ते बघा, आणि ती तुमच्या बाजूची आहे, तटस्थ आहे की आधीच विरोधात ठाण मांडून बसलेली आहे तेही बघा. ही तिसरी, 'प्रतिनिविष्ट' परिषद असेल तर जाणत्यांची असो वा अडाण्यांची, तिथे वाद करायचाच नाही, हे चरकाने स्पष्ट सांगितलंय.

आजच्या भाषेत, एखाद्या नेत्याच्या किंवा पक्षाच्या समर्थकांच्या पानावर जाऊन आकडेवारी देऊ नका. तिथे वाचणारा तटस्थ माणूसच नसतो. शहरभराच्या ग्रुपवर, बातमीच्या व्हिडिओखाली, परिसराच्या ग्रुपवर तटस्थ लोक भरपूर असतात. ओळखायचं कसं? कमेंटचा क्रम 'सर्वात संबंधित' वरून 'नवीन' वर करा आणि दहा-पंधरा वाचा. वेगळं मत मांडणाऱ्याला कुणी एकाने तरी साधं, शिवी-टोमण्याशिवाय उत्तर दिलंय का? दिलं असेल तर जागा चालेल. सगळीकडे हसणाऱ्या इमोजींचा पाऊस असेल तर परत फिरा.

आपल्याच बाजूच्या मंडळींत वाद घालायला बहुतेकांना जिवावर येतं, पण दुरुस्ती सगळ्यात जास्त चालते ती तिथेच. पुण्यातल्या नदीकाठ प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणी तोडलेल्या झाडांचा फुगवलेला आकडा टाकला, तर त्याच बाजूच्या माणसाने 'हा आकडा मला कागदावर सापडत नाही, स्रोत द्याल का?' असं विचारलेलं लोक ऐकून घेतात. प्रकल्पाच्या समर्थकाने हेच विचारलं तर कुणी ऐकणार नाही.

मग माणूस बघा. त्याला दोन मिनिटं पुरतात. खातं गेल्या महिन्यातलं आहे, नावाच्या शेवटी आकड्यांची शेपटी आहे, तोच मजकूर पाच ठिकाणी चिकटवलाय, उत्तर अर्ध्या मिनिटात येतंय, अशा खुणा एकत्र दिसल्या तर त्याला उत्तर देऊ नका. मुद्दा महत्त्वाचा असेल तर त्याच पोस्टखाली स्वतःची स्वतंत्र कमेंट लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला उत्तर मिळतं आणि त्याला भांडण मिळत नाही. प्रोफाइल कुलूपबंद आहे एवढ्यावरून मात्र कुणावर संशय घेऊ नका. कितीतरी बायका रोजच्या त्रासामुळेच ते बंद ठेवतात.

भाषेतूनही थोडा अंदाज येतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या 'चेंज माय व्ह्यू' या समूहातले वाद तपासले. आपलं मत 'मला वाटतं' असं मांडणारे मत बदलायला तुलनेने तयार होते, 'आम्हाला', 'आपण सगळे' अशा बहुवचनात बोलणारे कमी. त्या समूहात लोक 'माझं मत बदलून दाखवा' म्हणत स्वतःहून येतात, म्हणून आकडे इथे जसेच्या तसे लागू करू नयेत, पण खूण उपयोगी आहे.

वितंडवाद ओळखायला एकच प्रश्न लागतो. न्यायशास्त्रात (तर्काच्या प्राचीन भारतीय शास्त्रात) वितंडा म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचा पाडत राहणं. तेव्हा विचारा: 'ठीक आहे, मग तुमच्या मते काय करायला हवं?' एकदा विचारून उत्तर आलं नाही, तर दुसऱ्यांदा विचारू नका. वाचणाऱ्यांनी ते पाहिलेलं असतं.

विषयाची जात

तपासता येणारं विधान असेल (कायदा काय म्हणतो, आकडा किती, घटना कधी घडली) तर वादाला अर्थ आहे. धोरणाचा प्रश्न असेल (उड्डाणपूल हवा की बस) तर अर्धा आहे, कारण त्यात तथ्यं वेगळी आणि कुणाला काय महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. मिसळ कुठली चांगली, यात शून्य आहे, पण तो वाद मजेचा आहे, खुशाल घाला.

आणि काही विषयांत वाद नको, अर्ज हवा. पुण्यात हे फार विसरलं जातं. वेताळ टेकडीवरच्या रस्त्याबद्दल तीनशे कमेंट लिहिल्या तरी महापालिकेच्या दप्तरी त्यातली एकही हरकत म्हणून नोंदली जात नाही. आराखड्यातला बदल असो की झाडं तोडण्याची नोटीस, जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत, दिलेल्या पत्त्यावर लेखी हरकत गेली तरच ती मोजली जाते. पोहोच घ्या किंवा ईमेलची प्रत ठेवा. खड्ड्यासाठी महापालिकेच्या 'पीएमसी केअर' वर फोटोसह तक्रार करून तिचा क्रमांक कमेंटमध्ये टाका. तो क्रमांक कुठल्याही युक्तिवादापेक्षा जास्त काम करतो, कारण वाचणारे आणखी चार जण तसंच करतात. आकड्यावरून वाद अडलाय आणि तो आकडा कुठेच जाहीर नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा. 'सगळी माहिती द्या' असं मोघम लिहिलं की अर्ज अडकतो. 'अमुक रस्त्यासाठी अमुक तारखेपासून किती झाडं तोडण्याची व किती पुनर्रोपणाची परवानगी दिली, आदेशांच्या प्रती' असं नेमकं लिहा.

हेल्मेट: एक उत्तर उघडून बघू

पुण्यातला हा कधीच न संपणारा वाद. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी कडक अंमलबजावणी सुरू केली तेव्हा शहरात विरोधात मोर्चाही निघाला होता. समजा कुणी लिहिलं: 'शहरात गाडी ३०-४० च्या वर जातच नाही, हेल्मेट कशाला? मानेचे आजार होतात ते वेगळंच. आधी खड्डे बुजवा.'

सर्रास दिलं जाणारं उत्तर असं: 'अशा लोकांमुळेच देश मागे आहे. डोकं असेल तर हेल्मेट घालतील ना! मूर्खपणाला औषध नाही.' टोमणा जमलाय, पंधरा लाइक मिळतील. पण हेल्मेट न घालणारा आणि गप्प वाचणारा माणूस हे वाचून मनातल्या मनात टोमणा खाणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो, कारण शिवी त्यालाही लागलेली असते. पुणेरी पाटीवर खोचकपणा खपतो, कारण ती कुणा एका नावाच्या माणसाला उद्देशून नसते. कमेंटखाली नाव असतं.

आता मूळ कमेंटचे तुकडे करा. त्यात चार गोष्टी आहेत: कमी वेगात गरज नाही (तपासता येतं), मान दुखावते (तपासता येतं), खड्डे (खरंच आहेत), आणि न लिहिलेली चौथी, सक्तीचा राग. उत्तर पहिल्या तीनवर द्यायचं, चौथीचा मान ठेवायचा:

'३० च्या वेगाने डोकं थेट दुभाजकावर किंवा समोरच्या गाडीवर आदळलं, तर तो आघात साधारण साडेतीन मीटरवरून डोक्यावर पडण्याइतका असतो, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून. ४० ला हे अंतर सव्वासहा मीटर होतं. मोटारसायकल हेल्मेटवरच्या ६१ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने घेतला. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के कमी झालेला दिसला. मानेबद्दल तुम्ही म्हणता, तर त्या आढाव्यात मानेच्या दुखापतीविषयी निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नव्हता, वाढते असंही नाही आणि घटते असंही नाही. खड्ड्यांचं तुमचं बरोबरच आहे, आणि खड्डे आहेत तोवर तर घसरून पडण्याची शक्यता जास्तच. दंड कसा आणि किती वसूल करावा हा वेगळा प्रश्न आहे, त्यावर मतभेद असू शकतात.'

यात काय केलंय ते बघा. 'हेल्मेट लागत नाही' हे वाक्य परत लिहिलेलं नाही. चुकीचं विधान पुन्हापुन्हा डोळ्यांखालून गेलं की ते ओळखीचं आणि म्हणून खरं वाटू लागतं. हा परिणाम १९७७ पासून नोंदलेला आहे. म्हणून सुरुवात बरोबर माहितीने. उंचीचे आकडे कुणीही पडताळू शकतं (वेगाचा वर्ग भागिले गुरुत्व त्वरणाची दुप्पट, वेग मीटर प्रति सेकंदात). अभ्यासाचं वर्ष आणि संख्या दिलेय, 'संशोधन सांगतं' असं मोघम नाही. मानेबद्दल पुरावा जेवढा आहे तेवढंच म्हटलंय. इथे बरेच जण 'हेल्मेटने मानेला काहीच होत नाही' असं ठोकून देतात, आणि समोरच्याने ते एक खोडलं की बाकीचं सगळं बुडतं.

'२०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण रस्ते अपघातांत गेले' हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडाही देता येईल, पण मी तो दुसऱ्या फेरीसाठी ठेवेन. त्यावर लगेच येणारा प्रश्न असतो, 'आणि घातलेले किती गेले?' त्याचं उत्तर हाताशी नसताना एकटा आकडा टाकला की फसलात.

लिहिताना

लांबी ८० ते १५० शब्द. एका ओळीचं उत्तर टोमणाच वाटतं, भले तो नसो. त्याच कॉर्नेलच्या अभ्यासात जरा लांब, शांत शब्दांतली आणि दुवे असलेली उत्तरं जास्त चालली होती. मूळ पोस्टमधलेच शब्द घोळवण्यापेक्षा नवे शब्द, नवा कोन आणणारी उत्तरंही चालली होती, आणि 'असं दिसतं', 'बहुधा' असे शब्दही मारक ठरले नव्हते. त्याहून लांब लिहिलं तर मात्र फोनवर बराचसा मजकूर 'अधिक वाचा' च्या मागे जातो आणि तिथेच राहतो.

एका उत्तरात शक्यतो एकच मुद्दा. पाच मुद्दे दिले तर समोरचा सगळ्यात कमकुवत निवडून त्यावरच बोलतो. वर हेल्मेटच्या उत्तरात तीन आहेत, कारण मूळ कमेंटमध्येच तीन होते. स्वतःहून वाढवू नका.

संबोधन सांभाळा. अहो-जाहो सोडू नका, समोरचा 'तू' वर आला तरी. 'साहेब', 'विद्वान', 'महाशय' हे मान देणारे शब्द उरलेले नाहीत, ते आले की भांडण सुरू झालं असंच सगळे धरतात. नुसतं 'तुम्ही' पुरतं. देवनागरीत लिहिलेलं उत्तर रोमन लिपीतल्या मराठीपेक्षा नीट वाचलं जातं. बोलून टाइप करत असाल तर पाठवण्याआधी एकदा वाचा. यंत्र 'नाही' गाळतं आणि अर्थ उलटा होतो.

स्रोत देताना अहवालाचं नाव, वर्ष आणि पान किंवा तक्ता. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओचा दुवा देऊन 'हे बघा म्हणजे कळेल' म्हणू नका, कुणी बघत नाही. द्यायचाच तर कितव्या मिनिटाला ते लिहा. आणि जो दुवा देताय तो स्वतः शेवटपर्यंत वाचा. मथळा एक आणि मजकूर भलताच, अशा बातम्यांनी कितीतरी चांगल्या बाजू हरलेल्या आहेत.

लिहिल्यावर वीस मिनिटं थांबून पाठवा. रात्री अकरानंतर लिहिलेलं सकाळी पाठवा. वाद तेवढ्यात पळून जात नाही.

किती फेऱ्या

तीन. पहिलं उत्तर, त्यावर आलेल्या प्रश्नाचं उत्तर, आणि शेवटचं. कॉर्नेलच्या त्या अभ्यासातही चार-पाच फेऱ्यांनंतर मत बदलण्याची शक्यता जवळपास संपलेली दिसली, आणि वाचणारे तर बहुधा त्याआधीच पुढे सरकतात. शेवटचं उत्तर भांडण मिटवायला नसतं, वाचणाऱ्याला दोन्ही बाजू कुठे वेगळ्या होतात ते दाखवायला असतं: 'सक्ती नको यावर तुमचं मत ठाम दिसतं, माझं वेगळं आहे. वेग आणि दुखापतीचे आकडे वर दिलेत, कुणाला तपासायचे असतील तर तपासता येतील. माझ्याकडून इतकंच.' मग त्या पोस्टच्या सूचना बंद करा. हे बटण तीन टिंबांत असतं, आणि न दाबल्याने जेवढ्या झोपा उडाल्यात तेवढ्या चहाने उडालेल्या नसतील. 'शेवटचा शब्द माझा' हा हट्ट समोरच्याला देऊन टाका.

मध्येच समोरचा बरोबर निघाला तर? एका ओळीत मान्य करा: 'हा मुद्दा बरोबर, वर्ष माझं चुकलं होतं, कमेंट दुरुस्त केली आहे.' कमेंट गुपचूप बदलू नका. फेसबुकवर बदलाचा इतिहास दिसतो, आणि कुणाकडे तरी स्क्रीनशॉट असतोच.

कुठे घसरतं

विषयांतर सगळ्यात जास्त. 'तेव्हा कुठे होतात?' हा त्याचा ठरलेला अवतार. त्याला उत्तर: 'तोही विषय महत्त्वाचा, वेगळी पोस्ट टाका, तिथे बोलू. इथे प्रश्न हेल्मेटचा आहे.' एकदाच. 'तुम्ही मूळचे पुण्याचे का?' याला उत्तरच नाही. मूळ सांगितलं तरी हरता, नाही सांगितलं तरी हरता, आणि दोन्हीत हेल्मेट बाजूला पडतं. शुद्धलेखन काढणारा मुद्दा संपल्याची कबुलीच देत असतो. 'धन्यवाद, दुरुस्त केलं' म्हणून पुढे चला, आणि दुसऱ्याच्या ऱ्हस्व-दीर्घावर स्वतः कधीही बोट ठेवू नका.

तुमच्या बाजूने दहा जण त्याच्यावर तुटून पडले तर थांबणं तुमचं काम आहे. 'मुद्द्यावर बोलू, माणसावर नको' एवढं तुमच्याकडून आलं तर वाचणाऱ्यांत तुमचं वजन वाढतं. दहा विरुद्ध एक झालं की तटस्थ माणूस त्या एकाच्या बाजूला झुकतो, तो चुकीचा असला तरी.

सोसायटीचा आणि नातेवाइकांचा ग्रुप

इथे माणसं अर्धी ओळखीची, म्हणून पद्धत उलटी. चुकीचा फॉरवर्ड दिसला की ग्रुपवर खोडू नका, आधी वेगळा मेसेज करा: 'काका, तुम्ही सकाळी टाकलेला मेसेज पाहिला. त्यातलं औषधाचं प्रमाण चुकीचं दिसतंय. सोबत माहिती पाठवतोय. तुम्हीच काढून टाकता का?' चारचौघांत खोडलं की ते मेसेज काढणार नाहीत, त्याच्या समर्थनार्थ आणखी तीन टाकतील. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी पुसायची मुदत दोन दिवसांहून थोडीच जास्त असते, तेव्हा त्याच दिवशी सांगा. मेसेजवर दुहेरी बाण दिसत असेल तर तो निदान पाच फॉरवर्डच्या साखळीतून आलेला आहे. काका लेखक नाहीत, वाटेतले आहेत, त्या सुरात बोला. नुकसान तातडीचं असेल (चुकीचं औषध, फसवणुकीची लिंक, अफवा) तर मात्र थांबू नका. ग्रुपवर लगेच लिहा, नाव न घेता.

धमकी, बदनामी, अफवा

'६६ अ खाली आत टाकीन' अशी धमकी अजून दिली जाते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. म्हणून काहीही लिहिलेलं चालतं असं मात्र नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. गटागटांत तेढ निर्माण करण्यासाठी कलम १९६, धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्यासाठी २९९. साधा नियम: कृतीवर लिहा, माणसाच्या हेतूवर नको. 'हे कंत्राट निविदेशिवाय दिलं, कागद हा' असं लिहिता येतं. 'अमक्याने पैसे खाल्ले' हे कागदाशिवाय लिहू नका.

महापुरुष, धर्म, जात यांची विटंबना करणारी पोस्ट दिसली तर वाद नाही, शेअर नाही, 'बघा हे काय लिहिलंय' म्हणून स्क्रीनशॉटही फिरवायचा नाही. जून २०१४ मध्ये अशाच विटंबनेच्या पोस्टवरून पुण्यात जाळपोळ झाली आणि हडपसरमध्ये त्या पोस्टशी काहीही संबंध नसलेल्या एका तरुणाचा जीव गेला. पोस्ट रिपोर्ट करा, पोलिसांना कळवा, संपलं.

तुम्हाला धमकी आली तर उत्तर देणं थांबवा आणि आधी पुरावा जपा, मग रिपोर्ट करा. हा क्रम उलटा झाला की मजकूर काढला जातो आणि हातात काही उरत नाही. कमेंटच्या वेळेवर दाबून तिचा थेट दुवा घ्या. प्रोफाइलचाही दुवा घ्या, कारण नाव आणि फोटो बदलतात. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलपासून कमेंटपर्यंत जाणारं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या प्रतीचा आकार आणि दर्जा कमी केला जातो, ती मूळ राहत नाही. कोर्टात हा पुरावा लागला तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते ज्या फोनवर पुरावा आहे त्याच्या आधारे होतं. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात. जिवाची भीती असेल तर ११२. (१९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, धमकीसाठी तिथे वेळ घालवू नका.)

नोंद ठेवा

तेच दावे दर चार महिन्यांनी परत येतात. एकदा नीट लिहिलेलं उत्तर फोनमधल्या नोट्समध्ये स्रोतासह ठेवा, विषयाच्या नावाने: हेल्मेट, मेट्रोचे प्रवासी, झाडं, लसी. पुढच्या वेळी दहा मिनिटांचं काम दोन मिनिटांत होतं. मात्र जसंच्या तसं चिकटवू नका. पहिलं वाक्य समोरच्याने जे लिहिलंय त्याला धरून नवं लिहा, नाहीतर तुम्हीच त्या पाच ठिकाणी तेच चिकटवणाऱ्यासारखे दिसता. प्रत्येक आकड्यापुढे वर्ष लिहून ठेवा, आणि नवा वार्षिक अहवाल आला की दोन्ही बदला.